सिस्टर, तेवढ्या सह्या घेऊन ठेवा

"सिस्टर, उद्याच्या लिस्टमधल्या पेशंटच्या सह्या घेऊन ठेवा." सर्जरीच्या नाहीतर गायनॅकच्या वॉर्डात काम केलेल्या कुठल्याही सिस्टरला विचारा, हे वाक्य तिला पाठ असेल. इतकी वर्षं वॉर्डात काढल्यावर आज जरा स्पष्ट लिहिते, कुणाला राग आला तर येऊ दे. ऑपरेशनची संमती मिळवणं हे नर्सचं काम नाही. जो ऑपरेशन करणार आहे, त्याने किंवा त्याच्या टीममधल्या जाणत्या डॉक्टरने पेशंटपाशी बसून बोलायचं. काय करणार, का करणार, काय बिघडू शकतं, दुसरा काही इलाज आहे का, हे सगळं सांगायचं. सही त्यानंतरची गोष्ट आहे.

आणि प्रत्यक्षात काय चालतं? फॉर्म इंग्रजीत, ऑपरेशनच्या नावाची ओळ बऱ्याचदा कोरी. तीन ठिकाणी पेन्सिलीने फुल्या मारलेल्या. "काकू, इथे करा, इथे, आणि मागच्या पानावर." सही येत नसेल तर शाईचं पॅड, डावा अंगठा, मग कापसाने बोट पुसून द्यायचं. काकू अंगठा देता देता विचारतात, "काही घाबरण्यासारखं नाही ना गं?" आणि सिस्टर म्हणते, "काही नाही हो, सगळं नीट होतं." काकूंनी संमती दिली ती या एका वाक्यावर, फॉर्मवर नाही. खाली साक्षीदाराचा रकाना असतो, तिथे त्याच सिस्टरची सही. साक्ष कसली, तर न झालेल्या संभाषणाची.

कायदा याबाबत मोघम आहे असं कुणी म्हणू नये. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2008 मध्ये निकाल दिला. प्रकरण 1995 चं, दिल्लीतलं. 44 वर्षांची अविवाहित बाई दुर्बिणीच्या तपासणीसाठी भूल घेऊन टेबलावर होती. आतली स्थिती बघून डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या आईची सही आणवली आणि गर्भाशय, बीजकोश सगळं काढून टाकलं. कोर्ट म्हणालं, पेशंट सज्ञान आहे, शुद्धीवर येणार आहे, जिवावर बेतलेलं नव्हतं. मग तिच्या वतीने आईने होकार देण्याचा प्रश्नच येत नाही. तपासणीला दिलेली संमती म्हणजे उपचाराला दिलेली संमती नव्हे, हेही त्यात स्पष्ट आहे. नुकसानभरपाई फक्त 25,000 रुपये मिळाली. ते वाचून मला हसावं की रडावं कळेना. पण तत्त्व पक्कं झालं.

तरी आजही बाईच्या ऑपरेशनला "मिस्टरांना बोलवा, सही राहिलीय" ऐकू येतंच. 1971 च्या गर्भपाताच्या कायद्यात सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची लागत नाही. नसबंदीलाही जोडीदाराच्या सहीची अट नाही. मग वॉर्डात का मागतात? उद्या नातेवाइकांनी गोंधळ घातला तर कागद दाखवायला. म्हणजे तो कागद पेशंटसाठी नाहीच, आपल्या बचावासाठी आहे. नातेवाइकांच्या मारहाणीची भीती खरी आहे, मी ती नाकारत नाही. पण त्याचा भार त्या बाईच्या हक्कावर का?

लोक सिस्टरवर विश्वास टाकतात, म्हणून तर डॉक्टर तिला पुढे करतात. याचं सगळ्यात भयंकर उदाहरण अमेरिकेतलं आहे आणि ते प्रत्येक नर्सिंग कॉलेजात नीट शिकवायला हवं. अलाबामातल्या टस्कीगीला 1932 ते 1972, सुमारे 600 कृष्णवर्णीय पुरुषांवर सिफिलिस या गुप्तरोगाचा अभ्यास चालला. त्यांतल्या 399 जणांना आजार होता. त्यांना सांगितलं फक्त "रक्त खराब आहे". पाठीच्या मणक्यातून पाणी काढायचं, तर ते खास मोफत उपचार म्हणून. त्यावरचं औषध पेनिसिलीन आलं, सगळीकडे सुरू झालं, तरी यांना दिलं नाही. सरकारी डॉक्टर येत-जात राहिले. टिकून राहिली ती नर्स युनिस रिव्हर्स, स्वतःही कृष्णवर्णीय. ती गाडीतून माणसांना तपासणीला आणायची, घरच्यांची विचारपूस करायची. माणूस गेला की शवविच्छेदनाची परवानगीही तीच मिळवायची. बदल्यात अंत्यविधीचा खर्च मिळे. जवळजवळ सगळ्या कुटुंबांनी तिला होकार दिला. 1953 च्या शोधनिबंधात तिचं नाव लेखक म्हणून आहे, 1958 मध्ये तिला सरकारी पुरस्कारही मिळाला. ती दुष्ट होती असं मला वाटत नाही. त्या माणसांना तिच्याइतकी माया दुसऱ्या कुणीच लावली नसेल. म्हणूनच ते पुन्हा पुन्हा येत राहिले.

आपल्याकडे औषधांच्या चाचण्यांसाठी 2019 चे नियम आहेत. सहभागी माणसाला वाचता येत नसेल तर संपूर्ण समजावणी होईपर्यंत एक तटस्थ साक्षीदार तिथे हजर पाहिजे. काही चाचण्यांत, जिथे माणूस दुबळ्या परिस्थितीतला असेल तिथे, या संभाषणाचं व्हिडिओ रेकॉर्डिंगही लागतं. मग शेजारच्याच वॉर्डात पोट उघडायचं असताना शाईचं पॅड कसं पुरतं?

मी हल्ली एवढंच करते. फॉर्म हातात घेण्याआधी पेशंटला विचारते, "उद्या तुमचं काय करणार आहेत, सांगा बरं मला." उत्तर आलं "ते डॉक्टरांना माहीत" तर फॉर्म फाइलला परत. नर्सेस नोट्समध्ये वेळ घालून लिहिते: पेशंटला माहिती देणे बाकी, डॉक्टरांना कळवले. सुरुवातीला कटकटी सिस्टर म्हणून नाव पडलं. रेसिडेंट पोरांची, म्हणजे शिकाऊ डॉक्टरांची, बाजूही मला कळते, सलग ड्युटी करून त्यांचे डोळे मिटत असतात. पण रात्रपाळीला चाळीस-पन्नास पेशंटमागे एकटी असलेली सिस्टर काही त्यांच्यापेक्षा ताजीतवानी नसते. आणि तिने सांगितलेली माहिती चुकली, तर नोटीस तिच्या नावाने येणार.

मेट्रन मॅडमना आणि युनिट हेडना माझी मागणी छोटी आहे. फॉर्म मराठीत छापा, ऑपरेशनचं नाव आधी भरा, आणि कोणत्या डॉक्टरने समजावलं त्याचं नाव आणि वेळ लिहायला जागा ठेवा.

आमच्याकडचे दोन रेसिडेंट आता संध्याकाळी स्वतः येऊन बोलतात. एकाला मराठी जमत नाही, तो हिंदीत सांगतो आणि मी बाजूला उभी राहून आजींना मराठीत समजावते. आजी मधेच "म्हणजे पिशवीच काढणार का?" असं विचारतात, तो थांबून उत्तर देतो. तेव्हा साक्षीदाराच्या रकान्यात सही करायला माझी काहीच हरकत नसते.