पांघरूण वर करून टाचा बघा

वृद्धाश्रम बघायला जाणार असाल तर सकाळी अकराला जाऊ नका. अकराला सगळं छान असतं. फरशी पुसलेली, चादरी बदललेल्या, आज्ज्या वेण्या घालून व्हरांड्यात बसवलेल्या, टीव्हीवर कीर्तन. मीही पहिल्या दोन ठिकाणी अकरालाच गेलो होतो, फोन करून, वेळ ठरवून. मूर्खपणा केला.

गेल्या वर्षी आषाढात आई बाथरूममध्ये घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. मिरजेत ऑपरेशन झालं, व्यवस्थित झालं. पण 84 व्या वर्षी खुबा मोडल्यावर तिला उठून चालणं काही जमलं नाही. बायकोचे दोन्ही गुडघे गेलेले, माझी पाठ वाकत नाही, मुलगी बंगळुरात. अडीच महिने घरी बाई ठेवून बघितली. म्हणजे चौघी आल्या आणि चौघी गेल्या. शेवटी आईला कुठंतरी नीट ठेवायचं ठरलं. हे वाक्य लिहायला अजूनही जड जातं.

सांगली, मिरज आणि आसपासची मिळून सहा ठिकाणं बघितली. नावं लिहिणार नाही, इनबॉक्समध्येही विचारू नका.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मी साखर कारखान्याच्या लॅबमधून रिटायर झालोय. गळिताच्या हंगामात दर दोन तासांनी रसाचं सॅम्पल, ब्रिक्स, पोल (रसातली साखर जोखायची मापं), सगळं रजिस्टरला. तीस वर्षं हेच केलं. त्यामुळे खरं रजिस्टर आणि खुर्चीत बसून भरलेलं रजिस्टर ह्यातला फरक मला लांबून कळतो. खऱ्या रजिस्टरला डाग असतात, खाडाखोड असते, रात्रपाळीचं अक्षर वाकडं येतं.

तिसऱ्या ठिकाणी मी न सांगता गेलो. दुपारी सव्वाचार वाजले होते. बीपीचं रजिस्टर मागितलं. आधी "कशाला?", मग "मॅडम नाहीत", मग दिलं. सगळ्यांचं बीपी 120/80, नाहीतर 130/80. एकाच पेनानं, एकाच तिरक्या अक्षरात. आणि संध्याकाळी सहाचा रकाना भरून तयार! मी मॅनेजरना घड्याळ दाखवलं. ते शांतपणे म्हणाले, "काका, मुली हुशार आहेत हो. आधीच करून ठेवतात."

मला हसू आलं, आणि बाहेर येऊन स्कूटरला किल्ली लावताना हात थरथरत होता.

खरं म्हणजे त्या मॅनेजरपेक्षा मला माझाच राग आला होता. रजिस्टर मागताना मी "माफ करा हं, जरा बघू का" असं म्हणालो होतो. कारखान्यात ठेकेदारानं चुन्याची गोणी हलकी दिली तर आवाज चढवणारा मी, इथं माफी मागत होतो. का? तर आईला इथं ठेवायला निघालोय म्हणजे मीच गुन्हेगार. हे लोक माझ्या आईला ठेवून घेतायत म्हणजे उपकार करतायत. उपकार करणाऱ्याला हिशेब कसा विचारायचा?

आपलं सगळ्यांचं हेच होतं. घरचे लाजेपायी विचारत नाहीत. बाहेरचे जातात ते पोराचा वाढदिवस करायला. केळी, बिस्किटं, एक ब्लँकेट, चार फोटो, "खूप पुण्याचं काम करता हो तुम्ही". पुण्याच्या कामाची कोण तपासणी करतं? महिन्याला अठरा हजार घेणारी जागासुद्धा ह्या पुण्याच्या पांघरुणाखाली सुखानं झोपते.

आणि सरकार? 2007 चा आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे. पोरं सांभाळत नसतील तर त्याखाली प्रांतांकडं दाद मागता येते. त्याच कायद्याच्या कलम 19 मध्ये प्रत्येक जिल्ह्यात निराधारांसाठी किमान 150 जणांचा वृद्धाश्रम टप्प्याटप्प्यानं उभा करायचं लिहिलंय. वृद्धाश्रमांची नोंदणी आणि किमान दर्जा ठरवणारं दुरुस्ती विधेयक डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत मांडलं गेलं, ते मंजूर न होताच ती लोकसभा संपली. संस्था ट्रस्टची असेल तर धर्मादाय आयुक्तांकडं हिशेब जातात. हिशेबात टाचा दिसत नाहीत.

टाचांचं सांगतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं वजन सतत त्याच जागी पडतं, माकडहाडापाशी, खुब्यांवर, टाचांवर. तिथलं रक्त फिरायचं थांबतं आणि कातडी मरायला लागते. म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची असते. एअर बेड घेतला म्हणून ते चुकत नाही. आईला हॉस्पिटलमधून सोडताना तिथल्या सिस्टरनं मला शिकवलं होतं. लाल झालेल्या जागेवर अंगठा दाबायचा आणि सोडायचा. पांढरट होऊन परत लाल झाली तर ठीक. लालच राहिली तर जखम सुरू झाली समजा. आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, तिथं हात लावून बघायचं, बाजूच्या कातडीपेक्षा गरम किंवा कडक लागते का. एवढंच. ना मशीन, ना रिपोर्ट.

चौथ्या ठिकाणी एका आज्जींशी बोलत बसलो होतो. तासगावकडच्या, जुन्या शिक्षिका. त्यांची परवानगी घेऊन पायावरचं पांघरूण सरकवलं. डाव्या टाचेवर रुपयाएवढा काळा डाग. त्याच म्हणाल्या, "ते हाय व्हय अजून? मला वाटलं बरं झालं." त्यांना तिथं दुखतही नव्हतं, मधुमेहानं बधिर झालेलं. भिंतीवर कूस बदलायचा तक्ता होता. सुंदर, लॅमिनेट केलेला. त्यावर एकही खूण नव्हती.

तिथंच पलीकडच्या कॉटवर एका बाईंचा हात ओढणीनं लोखंडी दांड्याला बांधलेला होता. "पडू नयेत म्हणून." मी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं. 14567 ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, तिथं मी नंतर फोन केला, पण तो घरी येऊन, दोन दिवसांनी. ह्याचं मला वाईट वाटतं.

पाण्याचा तांब्या कुठं ठेवलाय बघा. भरलेला असतोच, पण हात पोचतो का? म्हाताऱ्यांना तहान कमी लागते, आणि पाणी कमी प्यायलं की डायपर कमी बदलावे लागतात. माझा संशय आहे म्हणा. संध्याकाळी सातला सगळे गाढ झोपलेले दिसले तर "काय शांत वातावरण!" म्हणू नका, गोळ्यांची चिठ्ठी मागा, झोपेची गोळी देतात का बघा. इन्सुलिन फ्रीजमध्ये आहे का, आणि फ्रीज चालू आहे का, हेही बघा. एका ठिकाणी बंद फ्रीजमध्ये इन्सुलिन आणि लोणचं शेजारी शेजारी होतं.

रात्री किती माणसं असतात हे तर विचारूच नका, जाऊन मोजा. पाचव्या ठिकाणी रात्री चाळीस जणांना दोन मावश्या होत्या, त्यातली एक स्वयंपाकीण. ती बिचारी सकाळी पाचला उठून पोहे करणार. तिला मी कसा दोष देऊ? जाळीच्या दाराला बाहेरून कुलूप. किल्ली वॉचमनकडं, वॉचमन चहाला. आग लागली तर? महाराष्ट्राचा 2006 चा अग्निसुरक्षा कायदा लागू असलेल्या इमारतींना दर जानेवारी आणि जुलैमध्ये यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं, फॉर्म बी. मी फॉर्म बी मागितला. मला देणगीचा फॉर्म मिळाला.

आणि आपण सांगलीकर. 2019 च्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी 45. नदीच्या बाजूला, तळमजल्यावर, न चालणारी माणसं ठेवलेल्या जागेत मी विचारलं, पाणी 40 फुटांवर आलं की ह्यांना कशातून आणि कुठं नेणार? उत्तर आलं, "तेव्हाचं तेव्हा बघू की, दादा." 2019 विसरलेला माणूस सांगलीत सापडेल असं वाटलं नव्हतं.

माझी भाची मिरजेला नर्सिंग शिकली, आता इंग्लंडात एका केअर होममध्ये आहे. तिकडं 2009 पासून केअर क्वालिटी कमिशन नावाची, अशा जागा तपासणारी यंत्रणा आहे. त्यांचे तपासनीस न सांगता येऊ शकतात, अहवाल कुणालाही वाचता येतो, आणि 2015 पासून मिळालेला दर्जा दर्शनी भागात लावायची सक्ती आहे. तिकडंही तपासण्या रखडतात, जुनेच दर्जे मिरवले जातात, असं तीच सांगते. पण तिचं एक वाक्य मला चिकटून राहिलंय. "मामा, ते लोक आले की मॅनेजरशी कमी आणि आज्ज्यांशी जास्त बोलतात."

आपल्याकडं असली यंत्रणा येईल तेव्हा येईल. तोवर नातेवाइकांनी एकमेकांचे नंबर घ्यावेत आणि पाळी लावावी, असं माझं मत आहे. तुमच्या आईला बघायला गेलात तर शेजारच्या कॉटवरच्या माझ्या आईच्या टाचाही बघा, मी गेलो की तुमच्या आईच्या बघतो. आम्ही पाच घरांनी हे सुरू केलंय.

आई सहाव्या जागी आहे. तिथंही सगळं आलबेल नाही, वरणात पाणी जास्त असतं आणि बाथरूमला एकाच बाजूला धरायला दांडा आहे. पण पहिल्याच दिवशी कूस बदलायचं रजिस्टर मागितलं तर एका मुलीनं घामेजलेल्या हातानं वही आणून दिली. कोपरे दुमडलेले, पहाटे तीनची नोंद वाकडीतिकडी, एका ठिकाणी लिहिलेलं, "आज्जी रागावल्या, वळू दिलं नाही." मी तिथंच पैसे भरले.

काल रात्री पावणेनऊला गेलो. वॉचमन नवीन होता. म्हणाला, "काका, आज कुणाचा वाढदिवस?"

"कुणाचा नाही," म्हटलं आणि वर गेलो. आई जागीच होती. मी पांघरुणाला हात घातला तशी म्हणाली, "आलास का परत माझे पाय बघायला!"