एमएसनंतरच्या नोकरीचं काय?

अमेरिकेत जाऊन एरोस्पेसमध्ये, म्हणजे विमान-रॉकेट अभियांत्रिकीत, एमएस ही पदव्युत्तर पदवी घेण्याबद्दलचा तुमचा लेख वाचला. 'अमेरिकेतून एरोस्पेसमध्ये एमएस केलं की स्पेसएक्सची दारं उघडी' हे त्यातलं, रॉकेट बनवणाऱ्या त्या कंपनीबद्दलचं वाक्य पालकांना भलतीच आशा लावणारं आहे. तिथे 'आयटार' नावाचे निर्यातनियम आहेत. रॉकेट, क्षेपणास्त्रं, लष्करी विमानं यांची तांत्रिक माहिती परदेशी माणसाला दाखवणं हीसुद्धा निर्यातच धरली जाते आणि त्यासाठी सरकारी परवाना लागतो. त्या भानगडीत न पडता कंपन्या जाहिरातीतच नागरिकत्व किंवा ग्रीनकार्ड (कायम राहण्याचा परवाना) मागतात. विद्यार्थी व्हिसावरच्या मुलाचा अर्ज तिथेच बाद. माझ्या भाच्याचं हेच झालं. गुण उत्तम, प्रबंध ज्वलनावर, म्हणजे इंधन जळण्याच्या शास्त्रावर, आणि आज तो मोटारींभोवतीच्या हवेच्या प्रवाहाची गणितं करतो. पगार चांगला आहे, तक्रार नाही, पण चाळीस-पन्नास लाखांचं कर्ज काढण्याआधी हे कुणी सांगायला नको का?

आणि इथल्या पर्यायांना लेखात एकच ओळ? बंगळुरूच्या आयआयएस्सी या विज्ञानसंस्थेत एरोस्पेसचा विभाग १९४२ पासून आहे. पवईच्या आयआयटीत मेकॅनिकलवाल्यांनाही गेट ही प्रवेशपरीक्षा देऊन एरोस्पेसच्या एमटेकला जाता येतं, वर महिना १२,४०० रुपये विद्यावेतन. इस्रो आणि संरक्षण संशोधन करणाऱ्या डीआरडीओत तर भारतीय नागरिकत्व हीच पहिली अट!