अर्धा तास

दातांच्या डॉक्टरसमोर आ वासलेला माणूस खोटं बोलू शकत नाही. खरंही बोलता येत नाही, ही त्यातली सोय. बेळगावच्या टिळकवाडीतल्या आमच्या डॉक्टरीणबाई कानडीत "बायी तगीरी" म्हणाल्या आणि मी तोंड उघडलं. सीमाभागातला माणूस, तोंड दोन्ही भाषांत उघडतं.

गालात कापसाची गुंडाळी कोंबल्यावर त्यांनी विचारलं, "घेता काय री तुम्ही?"

मी म्हटलं, "आँ."

शेजारच्या स्टुलावरून आमच्या मंडळींनी भाषांतर केलं, "शनवारी. राकसकोपच्या बाजूला मित्राचं शेत आहे, तिथं."

"बाटलीचं बूच दातानं काढता?"

"आँ." या वेळी भाषांतर नाही, नुसता कटाक्ष. वर गोड कुंदा खाता का, असं विचारलं तेव्हा मी आँसुद्धा केलं नाही.

मग कळलं की दारूइतकंच तिच्यात आपण जे ओततो तेही दातांचं वैरी. तोंडातला पीएच (आंबटपणाचा आकडा, जितका कमी तितकं आंबट) साधारण 5.5 च्या खाली गेला की एनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कवच, विरघळू लागतं, आणि कोला असतो अडीचच्या आसपास. लिंबूही तसंच. (दर उन्हाळ्यात चोर्ला घाट उतरून गोव्यात लिंबूसोडा आणि चिरलेली मिरची घालून घेतलेला उर्राक, काजूबोंडांची ती दारू, डोळ्यांपुढून गेला.) वर दारूनं तोंड कोरडं पडतं, म्हणजे आंबटपणा धुऊन काढायला लाळही पुरत नाही.

इथवर ठीक होतं. मग बाई म्हणाल्या, "आणि घेतल्यावर लगेच ब्रश नको हं. एनॅमल मऊ झालेलं असतं, घासलं की झिजतं. पाण्यानं चूळ भरा, निदान अर्धा तास थांबा."

माझा संसार उभा आहे तो त्या लगेचच्या ब्रशवर! न पिणारा मेहुणा गाडीतून फाटकाशी सोडतो, मी मागल्या दारानं थेट न्हाणीघरात, आणि पुदिन्याच्या पेस्टचा फेस करूनच माजघरात. लोक दात राहावेत म्हणून घासतात, मी घर राहावं म्हणून. तिला ठाऊक होतं, हे मलाही ठाऊक होतं. पण वास येत नव्हता तोवर दोघांचंही भागत होतं.

पुढल्या शनवारी सगळं शास्त्राप्रमाणे केलं. कोला नाही, साधा सोडा. मधेमधे पाणी. व्हिस्की नळीनं ओढली, तेव्हा एका मित्रानं, "बाळाला झबलं पण आणू काय?" म्हणून विचारलं.

दहाला गल्लीच्या तोंडाशी उतरलो. आपल्याकडची ती बारीक, न थांबणारी झड चालू होती. बंद दुकानाच्या पत्र्याखाली उभा राहून चुळा भरत होतो, तोच शेजारचे अण्णा कुत्र्याला घेऊन आले.

"काय हो, किल्ली विसरलासा काय?"

वास जाऊ नये म्हणून तोंड मिटूनच म्हटलं, "ऊं." कुत्र्याला मात्र सगळं कळलं असावं, ते दोनदा वळून बघत गेलं.

भिजून कंटाळलो. पाऊल न वाजवता फाटकाच्या कडीला हात घातला, तेवढ्यात खिडकी उघडली.

"अठराच मिनिटं झाल्यात. थांबा तिथंच."

आणि गजांतून छत्री बाहेर आली.