मॅकेन यांचे पाच हजार डॉलर : एका लोकप्रिय दाव्याची तपासणी

रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार जॉन मॅकेन यांनी २००८ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत मांडलेल्या आरोग्यविमा योजनेच्या बाजूने एक युक्तिवाद आजही मोठ्या विश्वासाने पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा : मॅकेन प्रत्येक कुटुंबाला ५,००० आणि एकट्या व्यक्तीला २,५०० डॉलरचे टॅक्स क्रेडिट, म्हणजे विम्यासाठी करातून थेट मिळणारी सवलत, देणार होते, त्यामुळे कोणाचेच नुकसान होणार नव्हते, नोकरीच्या दावणीला बांधलेला विमा मोकळा झाला असता, परराज्यातील पॉलिसी घेता आल्यामुळे प्रीमियम उतरला असता, आजारी माणसांसाठी वेगळी तरतूद होतीच, आणि विरोधकांनी मात्र ‘तुमच्या विम्यावर कर बसणार’ अशी भीती घातली. यातील पहिले विधान बऱ्याच अंशी खरे आहे, म्हणून आधी तेच घेऊ.

अमेरिकेत कंपनीने कर्मचाऱ्याच्या विम्यापोटी भरलेली रक्कम त्याच्या करपात्र उत्पन्नात धरली जात नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वेतनवाढीवर निर्बंध असताना रुजलेली ही सूट १९५४ च्या करसंहितेने पक्की केली. मॅकेन ती प्राप्तिकरापुरती काढून टाकणार होते आणि तिच्या जागी क्रेडिट देणार होते. २००८ साली कंपनीमार्फत मिळणाऱ्या कौटुंबिक पॉलिसीचा सरासरी वार्षिक प्रीमियम १२,६८० डॉलर होता. ही सगळी रक्कम करपात्र धरली, तरी प्राप्तिकराच्या २५ टक्क्यांच्या टप्प्यातील कुटुंबाला तिच्यावर ३,१७० डॉलर कर पडला असता आणि ५,००० डॉलर हाती आले असते, म्हणजे १,८३० डॉलरचा फायदाच. ‘बारा हजारांची पॉलिसी काढून घेऊन पाच हजार हातावर टेकवणार’ हा डेमोक्रॅटिक प्रचारातील हिशेब, ज्यांचा कंपनीचा विमा टिकला असता त्यांच्यापुरता, चुकीचा होता. किंबहुना कंपनीच्या विम्याला करातून दिलेली सूट जास्त पगारदारांना जास्त लाभ देते, ही मॅकेन यांची तक्रार रास्तच होती. पुढे डेमोक्रॅट्सनीही २०१० च्या आरोग्यविमा कायद्यात (‘ओबामाकेअर’) महागड्या पॉलिसींवर ४० टक्के कर घातला होता, जो लागू होण्याआधीच २०१९ मध्ये रद्द झाला.

मात्र हा फायदा पहिल्या वर्षाचा आहे. १९९९ मध्ये ५,७९१ डॉलर असलेला कौटुंबिक प्रीमियम नऊ वर्षांत दुपटीहून वर गेला होता, आणि त्याच काळात सर्वसाधारण महागाई तीस टक्क्यांच्या आसपासच वाढली होती. क्रेडिट सर्वसाधारण महागाईच्या दराने वाढवले असते असे धरले, तर २०१९ पर्यंत ते ५,९०० डॉलरच्या थोडे पुढे गेले असते. त्या वर्षीचा प्रत्यक्ष सरासरी प्रीमियम २०,५७६ डॉलर होता आणि २५ टक्क्यांनी त्यावरचा कर ५,१४४ डॉलर होतो. फायदा आठशे डॉलरच्या आत आला असता, आणि महागडी पॉलिसी असलेल्या कुटुंबाला तोही मिळाला नसता.

विमा नोकरीपासून मोकळा होणे हा या योजनेतील सर्वांत आकर्षक भाग आहे आणि खरी गोम तिथेच आहे. समजा, पन्नास माणसांच्या एका कारखान्यात पंचविशीतील धडधाकट वेल्डर आहे आणि मधुमेह असलेली पंचावन्न वर्षांची हिशेबनीस आहे. १९९६ च्या संघराज्य कायद्यानुसार एकाच कंपनीच्या विमा गटात आजारपण पाहून एकाकडून जास्त आणि दुसऱ्याकडून कमी वर्गणी घेता येत नाही, त्यामुळे दोघांचा खर्च एकत्र सरासरीत बसतो. वेल्डर या गटात राहतो, कारण विम्याच्या रूपातील पैशावर कर नाही आणि रोख पगारावर आहे. मॅकेन यांच्या योजनेत प्राप्तिकरापुरता हा फरक उरत नव्हता, आणि क्रेडिट तर कोठूनही विमा घेतला तरी तेवढेच होते. बाहेर त्याला अडीच हजारांच्या आतली पॉलिसी मिळाली असती आणि उरलेली रक्कम आरोग्य बचत खात्यात टाकता आली असती. असे चार-पाच तरुण बाहेर पडले की उरलेल्यांचा प्रीमियम वाढतो, तो वाढला की आणखी काही जण निघतात, आणि शेवटी मालक विमाच बंद करतो. मग हिशेबनिसाला खुल्या बाजारात जावे लागते, आणि तेव्हा बहुतेक राज्यांत विमा कंपनीला जुना आजार पाहून पॉलिसी नाकारण्याची मुभा होती. विरोधकांचा तो सात हजारांचा खड्डा अशाच कुटुंबांच्या वाट्याला आला असता.

यावर समर्थकांचे उत्तर असते की, मालकाचे वाचलेले पैसे पगारात येतील. काही काळाने ते येतीलही. पण पगारवाढ वेल्डरला आणि हिशेबनिसाला सारखीच मिळेल, आणि पॉलिसीची किंमत दोघांना सारखी पडणार नाही. त्या काळी सुमारे १६ कोटी लोकांचा विमा नोकरीमार्फत होता, म्हणून ही बाब किरकोळ म्हणून सोडता येत नाही.

परराज्यातील पॉलिसीचा मुद्दा लवकर आटोपण्यासारखा आहे. १९४५ च्या मॅकॅरन-फर्ग्युसन कायद्यानुसार विम्याचे नियम राज्ये ठरवतात. न्यूयॉर्कमध्ये आजार किंवा वय पाहून प्रीमियम वाढवता येत नाही, म्हणून तेथील पॉलिसी निरोगी तरुणाला महाग वाटते; त्याला दुसऱ्या राज्यातील पॉलिसी स्वस्त पडते ती मुख्यतः आजारी माणसे तिच्या बाहेर ठेवलेली असतात म्हणून. शिवाय विमा कंपनीला स्थानिक रुग्णालयांशी दरांचे करार करावेच लागतात, आणि ते काम दुसऱ्या राज्यात बसून होत नाही. जॉर्जियाने २०११ मध्ये परराज्यातील पॉलिसींना दार उघडले, तेव्हा एकही कंपनी आली नाही.

काही जण येथे मॅकेन यांचे प्रतिस्पर्धी ओबामा यांच्या आश्वासनाकडे बोट दाखवतात. सामान्य कुटुंबाचे वर्षाला २,५०० डॉलर वाचतील असे ते सांगत होते, आणि २०१६ साली कौटुंबिक प्रीमियम १८,१४२ डॉलरवर गेलेला होता. ते आश्वासन फोल ठरले हे मान्य, परंतु त्याने वरील हिशेबातील एकही आकडा बदलत नाही.

राहिली आजारी माणसांसाठीची तरतूद. राज्यांच्या हाय-रिस्क पूलना, म्हणजे आजारपणामुळे बाजारात विमा न मिळणाऱ्यांसाठीच्या विमा योजनांना, वर्षाला ७ ते १० अब्ज डॉलर द्यावेत, असा अंदाज मॅकेन यांच्या बाजूने दिला जात होता. असे पूल तेव्हा ३५ राज्यांत होते आणि त्यांत सगळे मिळून सुमारे २ लाख माणसे होती. प्रीमियम बाजारभावाहून जास्त असे, ज्या आजारामुळे माणूस तिथे आला त्याच्याच उपचारासाठी अनेक पूल काही महिने थांबायला लावत, कॅलिफोर्नियात प्रतीक्षायादी होती, आणि फ्लोरिडाने १९९१ पासून नवीन प्रवेशच बंद ठेवले होते. स्वतः मॅकेन यांच्यावर २००० साली त्वचेच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली होती. सिनेटरपदामुळे मिळणारा विमा नसता, तर त्यांनाही याच रांगेत उभे राहावे लागण्याची शक्यता होती. पूलना पुरेसा निधी मिळाला असता तर ते चालले असते, असे म्हणणाऱ्यांसाठी पुढचा अनुभव उपलब्ध आहे. २०१० च्या कायद्याने २०१४ पर्यंतची तात्पुरती सोय म्हणून ५ अब्ज डॉलर देऊन संघराज्य पातळीवर असाच पूल उभारला. त्यात लाखभर माणसे आली, त्यांच्यावरचा खर्च २०१२ मध्ये माणशी सुमारे ३२,००० डॉलर पडला, आणि पैसे संपत आल्यामुळे २०१३ च्या सुरुवातीलाच नवे अर्ज थांबवावे लागले. त्या पूलमध्ये जास्त आजारी माणसे आली होती हे धरूनही, माणशी याच दराने १० अब्ज डॉलरमध्ये तीन लाखांच्या आसपास लोक बसतात. आणि २००७ साली अमेरिकेत विमा नसलेले लोक ४ कोटी ५७ लाख होते.