डच चित्रकारांची जुनी चरित्रं फेकून देण्याआधी

चित्रकलेच्या इतिहासात रस असलेल्या मंडळींमध्ये सध्या एक मजकूर फार फिरतो आहे. त्याचा आशय असा: डच चित्रकारांची चरित्रं लिहिणारा कारेल व्हॅन मांडर हा इटालियन चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या वासारीची नक्कल करणारा, त्याच्यामागून आलेला चरित्रकार आर्नोल्ड हाउब्राकेन निव्वळ गप्पिष्ट, या पुस्तकांत स्त्री चित्रकारांना जागा नाही, आणि सतराव्या शतकातला डच चित्रकार व्हर्मीर दोनशे वर्षं विस्मृतीत गेला तो हाउब्राकेनमुळेच. तेव्हा ही पुस्तकं बाजूला ठेवा, दप्तरातले कागद तेवढे खरे माना. यातल्या जवळजवळ प्रत्येक विधानात थोडं तथ्य आहे, म्हणूनच ते लोकांना पटतं. निष्कर्ष मात्र चुकीचा आहे आणि तो मानला तर आपलं मोठं नुकसान होईल.

नक्कलीचा मुद्दा लवकर संपतो. व्हॅन मांडरचा ‘चित्रकारांचा ग्रंथ’ १६०४ मध्ये हार्लेम इथे निघाला. त्यातला इटालियन चित्रकारांचा भाग बराचसा वासारीवरून घेतलेला आहे, हे खरं. पण नेदरलँड्सच्या आणि जर्मन चित्रकारांची चरित्रं लिहायला त्याच्यासमोर वासारीसारखा तयार ग्रंथ नव्हता. १५७२ मध्ये लाम्प्सोनियसच्या लॅटिन कवितांसह चित्रकारांच्या तसबिरींचा एक छोटा संग्रह निघाला होता, आणि व्हॅन मांडरचे गुरू लुकास दे हेरे यांनी पद्यात चरित्रं लिहायला घेतली होती, ती त्याला शोधूनही मिळाली नाहीत. म्हणजे माणसांना विचारून, चर्चमधली आणि घराघरांतली चित्रं पाहून त्याला हा भाग उभा करावा लागला.

त्या कष्टाचं मोल पाहायचं तर खेर्टखेन तोत सिंट यान्स या चित्रकाराकडे पाहावं. हा पंधराव्या शतकातला. व्हॅन मांडर सांगतो की तो हार्लेममध्ये सेंट जॉनच्या धर्मसंघाकडे राहायचा आणि अठ्ठावीसच्या आसपास वयात गेला. त्याने त्या संघाच्या चर्चसाठी वेदीवरचं मोठं चित्र केलं होतं. मधला फलक आणि एक पाखं (बाजूचा फलक) प्रॉटेस्टंटांनी चर्चमधल्या मूर्ती-चित्रं फोडली त्या मूर्तिभंजनात किंवा स्पॅनिश सैन्याने हार्लेमला घातलेल्या वेढ्यात नष्ट झालं. दुसरं पाखं वाचलं, ते करवतीने दोन फलकांत विभागलं गेलं आणि संघप्रमुखाच्या घरी लागलं. ते दोन फलक पुढे, १६३६ मध्ये, डच सरकारने इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याला भेट दिले. आज ते व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहेत. खेर्टखेनची म्हणून आपण जी चित्रं ओळखतो, ती या दोन फलकांशी ताडून ओळखलेली आहेत. व्हॅन मांडरचा तो परिच्छेद नसता, तर फलक उरले असते, पण त्यांचा कर्ता अनामिक राहिला असता. हा ग्रंथ फेकून द्या म्हणणाऱ्यांनी या चित्रकाराचं नाव कुठून आणायचं ते आधी सांगावं.

आता हाउब्राकेन. ‘नेदरलँड्सच्या चित्रकारांची आणि चित्रकर्तींची भव्य रंगभूमी’ हे त्याचं तीन खंडांचं काम १७१८ ते १७२१ या काळात निघालं. शेवटचा खंड आला तेव्हा तो हयात नव्हता. त्याच्यावरचा आरोप सर्वांत भक्कम ठरतो तो सतराव्या शतकातला चित्रकार यान स्टेन याच्या बाबतीत. स्टेनची चित्रं जशी तसंच त्याचं आयुष्य, असं हाउब्राकेन लिहितो, आणि मग दारू, उधारी, घरातला गोंधळ यांचे किस्से येतात. दप्तर वेगळं चित्र दाखवतं. स्टेनच्या नावावर काहीशे चित्रं आहेत आणि १६७४ मध्ये लायडनच्या चित्रकार संघाने त्याला आपला प्रमुख नेमलं होतं. कायम नशेत असलेल्या माणसाच्या हातून एवढं काम होत नाही. इथे हाउब्राकेन चुकला, हे मला पूर्ण मान्य आहे. पण सगळंच त्याने रचलेलं नव्हतं. स्टेनच्या घराण्यात बिअर बनवण्याचा व्यवसाय होता, तो स्वतः काही काळ डेल्फ्टमध्ये बिअरची भट्टी चालवत होता, आणि १६७२ मध्ये त्याने लायडनला खानावळ-गुत्त्याचा परवाना घेतला होता. हाउब्राकेनला धंदा ठाऊक होता. त्यावरून त्याने स्वभाव ठरवला, कारण कलाकृतीत कलावंताचं जगणं उतरतं अशी त्याची धारणा होती. ही धारणा एकदा ओळखली की त्याच्या कुठल्या वाक्यावर विसंबायचं आणि कुठलं तपासायचं, हे वाचकाला बरंचसं कळतं.

रेम्ब्राँच्या बाबतीत तर तो फार मोलाचा साक्षीदार आहे. हाउब्राकेनचा गुरू सॅम्युएल व्हॅन होखस्ट्राटेन हा स्वतः रेम्ब्राँचा शिष्य. रेम्ब्राँने अ‍ॅमस्टरडॅममध्ये एक वखार भाड्याने घेऊन कागदाच्या किंवा कापडाच्या आडोशांनी शिष्यांसाठी वेगवेगळ्या खोल्या केल्या होत्या, असं हाउब्राकेन लिहितो. दिवाळखोरीनंतर रेम्ब्राँचं घर विकलं गेलं, त्या व्यवहाराच्या कागदांतही माळ्यावर शिष्यांसाठी घातलेल्या आडोशांचा उल्लेख आहे. जागा वेगळी, पण शिकवण्याची रीत तीच. दप्तर आणि चरित्र इथे एकमेकांना दुजोरा देतात.

व्हर्मीरविषयी थोडक्यात. हाउब्राकेनमध्ये त्याचं जेमतेम नाव येतं, चरित्र नाही. ही मोठी उणीव आहे. पण म्हणून व्हर्मीर पुसला गेला असं होत नाही. १६९६ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या लिलावात त्याची २१ चित्रं विकली गेली. ‘डेल्फ्टचं दृश्य’ २०० गिल्डरना (तेव्हाचं डच चलन) गेलं, दूध ओतणारी बाई १७५ ला. तेच दुधाचं चित्र १७१९ च्या विक्रीत ‘प्रसिद्ध’ असं विशेषण लावून आलं. ‘डेल्फ्टचं दृश्य’ १८२२ मध्ये हेगच्या मॉरिट्सहाउस संग्रहालयासाठी २,९०० गिल्डरना घेतलं गेलं. फ्रेंच समीक्षक तोरे-बर्गरने व्हर्मीरला ‘शोधून काढलं’ असं जे म्हणतात, ते त्याचे लेख १८६६ मधले, म्हणजे या खरेदीनंतरचे. मुळात आज व्हर्मीरची पस्तीसेक चित्रंच माहीत आहेत, आणि त्याच्या हयातीत त्यांतली बरीचशी डेल्फ्टमधल्या एकाच घरात होती. बाहेर नाव कमी पसरण्याचं कारण तिथे शोधायला हवं.

स्त्रियांना जागा नाही, हा आरोप हाउब्राकेनच्या शीर्षकापाशीच अडखळतो, कारण ‘चित्रकर्ती’ तिथेच आहेत. आत मारिया व्हॅन ओस्टरवाइक आहे, तिच्याच घरची मोलकरीण आणि शिष्या खेर्टखे पीटर्स आहे, मारिया सिबिला मेरियन आहे. चित्रकर्ती राखेल राउशचं सविस्तर चरित्र पुढे चरित्रकार योहान व्हॅन होलने १७५० मध्ये छापलं. हार्लेमची चित्रकर्ती युडिथ लेस्टर मात्र हाउब्राकेनकडून सुटली, आणि ती चूक महागात पडली. तिची चित्रं हार्लेमच्याच नामांकित चित्रकार फ्रान्स हाल्सच्या नावावर विकली जात राहिली, ती १८९३ मध्ये कलेचे इतिहासकार हॉफस्टेडे दे ग्रूट यांनी चित्रावरची तिची खूण ओळखेपर्यंत. पण हार्लेम शहराचं वर्णन लिहिणाऱ्या आम्पझिंगने १६२८ मध्ये आणि स्क्रेव्हेलियसने १६४८ मध्ये तिचं नाव छापून ठेवलंच होतं. तिला विसरले ते ही जुनी पुस्तकं न उघडणारे नंतरचे लोक.