जीनोम कॉम्प्युटरवर जुळवला, म्हणून विषाणू खोटा?

करोनाच्या साथीला इतकी वर्षं झाली तरी एक मजकूर व्हॉट्सॲपवर अजून फिरतोच आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ‘हा विषाणू कोणी कधी वेगळा काढलाच नाही. वूहानच्या एका रुग्णाची फुफ्फुसं धुऊन काढलेल्या द्रवातून साडेपाच कोटींवर तुकडे मिळाले, ते कॉम्प्युटरला दिले आणि हवा तसा जीनोम, म्हणजे विषाणूची संपूर्ण जनुकीय संहिता, जुळवून घेतला. दोन प्रोग्रामनी दोन उत्तरं दिली, त्यातलं सोयीचं उचललं.’

गंमत म्हणजे यातले आकडे खरे आहेत, म्हणूनच मजकूर पटतो. शांघायच्या झांग योंगझेन यांच्या गटाचा शोधनिबंध ‘नेचर’मध्ये फेब्रुवारी २०२० मध्ये आला, त्यातलेच ते. घोळ आहे तो त्यांचा अर्थ लावण्यात.

‘इतक्या तुकड्यांतून काहीही जुळवता येतं.’

नाही येत. नमुन्यातल्या आरएनएवरून डीएनएच्या प्रती काढल्या आणि त्या इल्युमिनाच्या यंत्रावर वाचल्या. हे यंत्र एका दमात १५० अक्षरं वाचतं (अक्षरं म्हणजे डीएनएचे ए, सी, जी, टी हे चार घटक). रुग्णाच्या स्वतःच्या पेशी, तोंडा-घशातले जिवाणू, विषाणू, सगळ्यांचे तुकडे त्यात एकत्र होते: ५,६५,६५,९२८. पुढे मेगाहिट हा प्रोग्राम प्रत्येक तुकड्यातून ठरावीक लांबीचे शब्द पाडतो आणि एका शब्दाची शेपटी दुसऱ्याच्या तोंडाशी जुळते का ते पाहत जातो. गाण्याच्या भेंड्याच म्हणा, फक्त इथे शेवटच्या एका अक्षरावर भागत नाही. शब्द ३१ अक्षरांचा धरला, तर पुढच्या शब्दाशी ३० अक्षरं तंतोतंत जुळावी लागतात. चार अक्षरांतून ३१ अक्षरी शब्द किती होतात? त्या आकड्यात १९ अंक आहेत. हजारो सांधे एकापाठोपाठ निव्वळ योगायोगाने जुळतील असं मानायचं, तर मग लॉटरीचं तिकीट काढलेलं बरं.

ही पद्धत फसते जरूर, पण दुसऱ्याच ठिकाणी. एकच मजकूर जीनोममध्ये पुन्हा पुन्हा येत असेल, तर कोणता तुकडा कुठला हे कळेनासं होतं. मानवी जीनोम २००३ मध्ये पूर्ण झाल्याचं जाहीर झालं, तरी त्यातला सुमारे ८ टक्के भाग २०२२ पर्यंत नीट वाचलेला नव्हता. त्यातला मोठा हिस्सा असल्या पुनरावृत्तीचा. लांबच लांब तुकडे वाचणारी यंत्रं आली तेव्हा कुठे तो सुटला. करोनाच्या जेमतेम ३० हजार अक्षरांत हे दुखणं जवळपास नाहीच. आणि त्याचाही आरएनए २०२० मध्येच दक्षिण कोरियातल्या शास्त्रज्ञांनी डीएनएची प्रत न काढता, नॅनोपोर यंत्रातून सरळ वाचला. त्यातले मोजकेच, पण काही तुकडे जवळपास अख्ख्या जीनोमइतके लांब होते. तिथे जुळवाजुळवीचा प्रश्नच उरत नाही.

‘वटवाघळाच्या विषाणूचा साचा ठेवून त्यात तुकडे बसवले.’

पहिल्या जीनोमसाठी साचा नव्हता. आधी तुकडे एकमेकांशी जुळवले आणि मग तयार साखळी जुन्या नोंदींशी ताडून पाहिली. सर्वांत जवळचा निघाला तो वटवाघळातला एक विषाणू, ८९.१ टक्के सारखा. म्हणजे तीन हजारांच्या आसपास अक्षरं वेगळी. साच्यातून काढलेल्या वस्तूत एवढा फरक राहत नाही.

पुढच्या लाखो नमुन्यांचं तसं नाही. ते पहिल्या जीनोमवर बेतूनच वाचले गेले, आणि जिथे वाचन जमलं नाही तिथे कोरी जागा सोडण्याऐवजी काही ठिकाणी मूळ जीनोमचीच अक्षरं भरली गेली. ही तक्रार रास्त आहे. पण ती उत्परिवर्तनांच्या, म्हणजे जीनोममधल्या अक्षरबदलांच्या, हिशेबाबद्दलची तक्रार आहे, विषाणूच्या असण्याबद्दलची नव्हे.

‘दोन प्रोग्राम, दोन उत्तरं.’

मेगाहिटची सर्वांत लांब साखळी ३०,४७४ अक्षरांची, ट्रिनिटीची ११,७६० ची. ट्रिनिटी बनवला आहे तो पेशीतल्या जनुकांच्या आरएनए प्रती जुळवायला. त्याने लांब साखळी मध्येच तोडली यात नवल नाही. एकाची साखळी आखूड आणि दुसऱ्याची लांब, याला विरोध म्हणत नाहीत. शिवाय शास्त्रज्ञ मेगाहिटवरही विसंबून राहिले नाहीत. आरटी-पीसीआरने पडताळा घेतला, दोन्ही टोकं स्वतंत्र पद्धतीने वाचली आणि जीनोम ठरला २९,९०३ अक्षरांचा. सोयीचं उत्तर उचललं असतं तर ते ३०,४७४ च राहिलं असतं! मूळ तुकड्यांपैकी १,२३,६१३ या जीनोमवर बसतात. प्रत्येकी १५० अक्षरं धरून गुणाकार-भागाकार करा: एकेक अक्षर सरासरी सहाशेच्या वर वेळा वाचलं गेलं आहे. वूहानच्याच विषाणू संस्थेने इतर पाच रुग्णांकडून मिळवलेले जीनोम एकमेकांशी ९९.९ टक्के जुळले, ते वेगळंच.

‘वेगळा काढलाच नाही.’

वूहानमध्ये काढला, आणि आपल्या पुण्यातही. राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने २०२० मध्येच तो व्हेरो पेशींमध्ये (माकडाच्या मूत्रपिंडापासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींमध्ये) वाढवला. केरळच्या रुग्णाच्या नमुन्यातल्या विषाणूचं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालचं छायाचित्रही छापून आलं. पुण्यात व्हेरो पेशींमध्ये वाढवलेला विषाणू हैदराबादला गेला आणि तो निष्क्रिय करून कोव्हॅक्सिन तयार झाली. कोट्यवधी डोसांसाठी टाक्या भरभरून वाढवलं ते काय होतं, हे त्या मजकुरात सांगितलेलं नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं की पेशींमध्ये वाढवणं म्हणजे वेगळा काढणं नव्हे. मग स्वित्झर्लंडमधल्या बर्न विद्यापीठाचा २०२० चाच प्रयोग घ्या. तिथे प्रसिद्ध झालेल्या अक्षरांवरून डीएनएचे तुकडे मागवले, यीस्टमध्ये जोडले आणि तुकडे हाती आल्यापासून आठवडाभरात जिवंत विषाणू मिळवला. दोन तुकडे तेवढे कृत्रिमरीत्या करता आले नाहीत. ते जर्मनीतल्या म्यूनिकच्या रुग्णाकडून मिळालेल्या विषाणूच्या आरएनएवरून प्रत काढून घेतले. कॉम्प्युटरने हवेतून रचलेला जीनोम म्यूनिकच्या विषाणूच्या तुकड्यांशी सांध्याला सांधा कसा काय जुळला?