कोरडं राहायचा खर्च

जुलैत कळसूबाईला जायचं ठरलं आणि मी मे महिन्यापासूनच जॅकेट बघायला लागलो. तेवढ्यात आमच्या आत्तेबहिणीचं लग्न ठरून पार पण पडलं, माझं जॅकेट काही ठरेना.

आई म्हणे, "अरे, मागच्या वर्षीचा रेनकोट आहे की." आता तिला कसं सांगणार की तो नुसता रेनकोट आहे, आणि मला पाहिजे होतं 10,000 मिमीवालं. दुकानातल्या पोराने समजावलं की या कापडावर 10 मीटर उंच पाणी उभं केलं तरी थेंब आत येत नाही, म्हटलं बाबा रे मी 1,646 मीटर वर चाललोय, विहिरीत नाही उतरत आहे. पण घेतलं. मग त्याने सॅक दाखवली, 60 लिटर. एका दिवसाच्या ट्रेकला! त्यात डबा, पाण्याची बाटली आणि टॉवेल टाकला तर लग्नाच्या हॉलमध्ये तीन पाहुणे बसल्यासारखं दिसत होतं. बूट पण वॉटरप्रूफच घेतले. किंमत घरी अर्धी सांगितली.

बारी गावातून निघालो, पहिल्या अर्ध्या तासात जॅकेटमधून एक थेंब आत आला नाही, खरंच. फक्त आतला घाम पण बाहेर जाईना, कारण ढगातच चालतोय म्हटल्यावर बाहेरची हवाच ओली, घाम वाळणार कुठे. शिड्यांपर्यंत पोचलो तेव्हा टीशर्ट पिळून निघत होता. बुटांचं तर विचारूच नका, ओढ्यात घोट्याच्या वर पाय गेला, वरून पाणी शिरलं आणि मग त्या वॉटरप्रूफपणाने ते उतरेपर्यंत जिवापाड सांभाळलं. माझा मित्र जुन्या जाळीच्या बुटात आलेला, त्याच्या प्रत्येक पावलाला पाणी बाहेर.

शिड्यांच्या अलीकडे एका मावशीकडे चहाला थांबलो. त्यांनी प्लास्टिकचा कागद दुमडून डोक्यावरून खोळ घेतलेली, पुढून सगळी उघडी, आत वारा खेळतोय, लुगडं कोरडं. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाल्या, "आतून भिजलास का रं?"

आता बुटात तीन दिवस पेपरचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवलेत, घरभर वास. सॅकमध्ये आईने गाद्यांच्या जुन्या खोळी भरून ती माळ्यावर टाकली. आणि जॅकेट बाबा सकाळी दूध आणायला घालतात.

एकदम कोरडे येतात.